सोनटक्केबाईंची काळी भिंत

आदरणीय मालतीबाई सोनटक्के यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. भोसरीत आमच्या मंडळाच्या सभागृहामागे जी खोली आहे, तिच्या भिंतीवर बाई खडूने काहीतरी लिहीत होत्या. फळा नव्हताच. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीलाच काळा रंग दिलेला होता. चपला बाहेर काढायच्या की घालूनच आत जायचं, अशा विचारात मी दारात घुटमळत होते. मला माझ्या शेजारणीने, कविताने, जवळजवळ ओढतच आणलं होतं. लग्न होऊन मी लातूर जिल्ह्यातून भोसरीला आले होते, चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले होते, आणि लाइनवर कोणी इंग्रजीत बोललं की खाली मान घालून हात भराभर चालवायचे, एवढंच तोवर शिकले होते.

बाई वळल्या आणि म्हणाल्या, "या. तुम्ही कुठे काम करता?" मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागून कोणी मोठं माणूस आलं असावं, असं मला वाटलं. निवडणुकीच्या दिवसांत मतं मागायला येणारे सोडले, तर मला त्या वयात 'तुम्ही' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. भिंतीवर त्या दिवशी दोन शब्द होते. डावीकडे 'शिफ्ट', उजवीकडे 'बोर्ड'. बाईंनी विचारलं, "तुमच्या कंपनीत बोर्ड कशाला म्हणतात?" मी म्हणाले, "ज्याच्यावर वायरा बांधतो त्या फळीला, बाई. गाडीत वायर जशी फिरते तशी तिच्यावर आखलेली असते." बाईंनी ते जसंच्या तसं भिंतीवर लिहिलं, पुढे माझं नाव घातलं, 'जयश्री, पहिली पाळी', आणि मग मला बसायला सांगितलं. शाळेत आम्ही दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेत आलो होतो. माझं बोलणं कोणी लिहून घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि मंडळ त्यांचा हा गौरवग्रंथ काढत आहे. लेख मागताना संपादकांनी मला फोनवर प्रेमाने बजावलं, "ताई, शुभप्रसंग आहे. कडवट काही नको." संपादकांचा मान राखून सांगते, मला ते जमणार नाही. मला राग आला आहे. तो पोटात ठेवून 'ज्ञानदानाचा अखंड यज्ञ' वगैरे लिहिलं, तर बाईच लेख परत करतील आणि विचारतील, "हा यज्ञ तुम्ही कुठे पाहिलात?" राग कशाचा ते सांगतेच. पण त्याआधी त्या भिंतीवर काय चालायचं ते नवख्या वाचकाला समजायला हवं.

बाई महापालिकेच्या शाळेतून इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेचच त्यांनी हा वर्ग सुरू केला. खोली मंडळाने दिली, भाडं न घेता दिली, हेही इथे नोंदवते. वर्ग कामगारांचा, आणि कामगारांची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीचे लोक संध्याकाळी येणार, दुसऱ्या पाळीचे सकाळी, रात्रपाळीचे झोप काढून दुपारी. सगळे एका वेळी एकत्र बसणं या गावात शक्यच नाही. इथे एका कॉटवर दोघं झोपतात, पण एकमेकांना भेटत नाहीत, कारण एक कामावर जातो तेव्हा दुसरा परततो. बाईंनी यावर एकच नियम काढला. सोमवारी भिंतीवर दोन शब्द लिहायचे आणि रविवारपर्यंत काहीही पुसायचं नाही. प्रत्येक पाळीने आपल्या वेळेला यायचं, आधीच्यांनी काय लिहिलं ते मोठ्याने वाचायचं, आणि आपली भर घालून जायचं. रविवारी बाई अख्खी भिंत वाचून दाखवायच्या आणि स्वतःच्या हाताने ओल्या फडक्याने पुसायच्या. फडकं दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत.

त्यामुळे आमची बोलाचाली भिंतीवरूनच व्हायची. 'तानाजी, दुसरी पाळी' यांचं अक्षर मी ओळखत होते, त्यांच्याशी भिंतीवर वादसुद्धा घातले होते, पण त्यांचं तोंड पाहिलं ते कविताच्या दिराच्या लग्नात, पंगतीत वाढताना. ते म्हणाले, "तुम्ही त्या वायरवाल्या जयश्रीताई ना? तुमचा 'एस' उलटा असतो बघा." माझ्या नवऱ्याला हे कोण गृहस्थ ते समजावून सांगताना जेवण गार झालं.

अर्थ भिंतीवर जायचा तोही एका अटीवर. तो तुम्ही कुठेतरी ऐकलेला, पाहिलेला, भोगलेला पाहिजे. एकदा मी हुशारी करायला गेले. 'बोर्ड'चे मोबाइलवर होते नव्हते तेवढे अर्थ पाठ करून आले आणि पोपटासारखे म्हणून दाखवले. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारलं, "यातला कुठला अर्थ तुमच्या वाट्याला आलाय?" मी पुन्हा मोबाइल काढायला लागले. "मग ते मोबाइलचे आहेत. मोबाइल रोज यायला लागला की त्याचंही नाव लिहीन." सगळे हसले. मला त्या दिवशी बाईंचा रागच आला होता, पण पुढच्या आठवड्यात मी कान उघडे ठेवून कंपनीत फिरले, हे खरं.

आणि शब्द दोनच का, तेही एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले? हे पुष्कळांनी बाईंना विचारलं आहे. बाई म्हणत, "जोडीचे शब्द दिले की लोक एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतात. अंदाजाची सोय काढून घेतली की माणूस आठवायला लागतो." प्रत्येक नव्या तुकडीला पहिली जोडी मात्र ठरलेली, शिफ्ट आणि बोर्ड. शनिवारपर्यंत भिंत भरून जायची. शिफ्ट म्हणजे पाळी, हे पहिलं. मग कोणी खोली शिफ्ट केलेली, कोणाच्या वडिलांना एका दवाखान्यातून दुसऱ्यात शिफ्ट केलेलं, कोणी टेम्पोचा गिअर शिफ्ट करणारा, कोणी मारुंजीत राहून कॉम्प्युटरवर काम करणारा, त्याच्या बोटाखालची शिफ्टची कळ. उजवीकडे दहावीचं बोर्ड, बसच्या कपाळावरचा बोर्ड, विजेचा बोर्ड, कॅरमचा बोर्ड, कंपनीचे मालक बसतात ते बोर्ड, स्टँडजवळच्या लॉजिंग-बोर्डिंगचं बोर्डिंग.

रविवारी बाई दोन्ही बाजू शेजारी ठेवून दाखवायच्या. बोर्डाच्या पोटात सगळीकडे एक फळी आहे. मालक लोक ज्या फळीभोवती बसले, त्या फळीवरून त्यांचं नाव पडलं. जेवण ज्या फळीवर वाढलं, तिच्यावरून बोर्डिंग. तो शब्द कुठेही गेला तरी आतली फळी सोडत नाही. शिफ्टच्या पोटात आहे वाटणी. काम वाटून घेतलं म्हणून पाळी, आणि वाटणी बदलली म्हणून हलणं. एक शब्द घट्ट बसलेला, दुसरा कधी न बसणारा. "दोघांचं नातं लावू नका," बाई सांगत. "नातं नसलेली माणसंसुद्धा एका भिंतीवर राहू शकतात की." मी आज कंपनीत नव्या मुलींना लाइनवर शिकवते. समोरच्याला आधी विचारायचं, मग सांगायचं, ही रीत मी तिथून उचलली आहे.

रात्रपाळी करून आलेले लोक वर्गात झोपत. बाईंचा हुकूम होता, झोपलेल्याला कोणी उठवायचं नाही. "ते आले, हेच पुष्कळ," असं म्हणून त्या भिंतीच्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहीत आणि पुढे 'झोपले आहेत' असं टाकत. एकदा मंडळाचे कार्याध्यक्ष गुलाबराव कोणा पाहुण्यांना वर्ग दाखवायला घेऊन आले. तिघं जण भिंतीला टेकून घोरत होते. पाहुणे मोठ्याने हसले. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज खाली. रात्रभर ज्यांनी मशीन चालवलं ते निजलेत." पाहुण्यांना चहा न घेताच जावं लागलं. गुलाबराव आठवडाभर बाईंशी धड बोलले नव्हते.

माझ्यावर व्यक्तिशः बाईंचे उपकार किती, हे सांगायला बसले तर ग्रंथाची पानं पुरणार नाहीत, तेव्हा एकच सांगते. कंपनीत ट्रेनरची जागा निघाली. सगळ्यांसमोर उभं राहून काम इंग्रजीत समजावून सांगायचं होतं. बाई मला घेऊन भोसरीच्या बसथांब्यावर गेल्या. उड्डाणपुलाखाली, रिक्षांच्या आणि हॉर्नच्या गोंगाटात, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला हाताने खूण केली, बोला. मी बोलायला लागले. ऐकू आलं नाही की त्या कानाला हात लावायच्या. येणारे-जाणारे माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. सहा आसनी रिक्षातला एक जण म्हणाला, "काय प्रचार चाललाय का काय?" मी ओरडून इंग्रजीत वायर कशी बांधायची ते सांगत होते, आणि पलीकडून त्या वयाच्या बाई मान डोलावत होत्या. नंतर म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत मशीनं चालू असतात. मग सराव शांततेत करून काय उपयोग?" ती जागा मला मिळाली.

तर अशा या बाई. आणि आता रागाचं.

अमृतमहोत्सव जवळ आला तसं मंडळाला प्रेमाचं भरतं आलं. सभागृहाला रंग द्यायचं ठरलं, मागच्या खोलीलाही. वर्गाची नवी तुकडी त्याच सोमवारी सुरू झालेली. शिफ्ट आणि बोर्ड, नेहमीची जोडी. त्या दिवशी संध्याकाळी एक नवीन बाई आल्या होत्या, सुरेखाताई. परभणीकडच्या, पिंपळे सौदागरला मोठमोठ्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या. बराच वेळ त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. बाईंनी त्यांना विचारलं तेव्हा उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत लिफ्टपशी एक बोर्ड हाय. कामवाल्यांनी ह्या लिफ्टनं जायचं न्हाई, मागल्या लिफ्टनं जायचं, असं लिव्हलंय. बोर्ड म्हंजी आपुन कुठून जायचं न्हाई ते सांगतो, तो."

बाईंनी ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. त्याखाली इंग्रजीत लिहिलं आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं: 'अ बोर्ड टेल्स मी व्हेअर आय कॅनॉट गो.' सुरेखाताईंनी ते तीनदा-चारदा म्हटलं. पहिल्यांदा अडखळत, मग जोरात. शेवटी तर इतक्या जोरात, की झोपलेलं कोणी असतं तर उठलं असतं. पुढे नाव पडलं, 'सुरेखा, पिंपळे सौदागर'. त्या बराच वेळ त्या ओळीपाशी उभ्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या जावेला घेऊन येते. तिला खरं वाटायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या जावेला घेऊन आल्या. भिंत पांढरी होती. रंगाचा वास येत होता, आणि खोलीच्या मधोमध प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या नव्या खुर्च्या उभ्या होत्या.

मी तिथे होते. सुरेखाताईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग जावेकडे, मग माझ्याकडे. आणि हळूच विचारलं, "चुकलं व्हतं का वो माझं? पुसलं म्हणून इचारते."

जाऊ म्हणाली, "चल गं, उशीर होतोय." दोघी निघून गेल्या. त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत.

मी तडक गुलाबरावांकडे गेले. गुलाबराव मूळ भोसरीचे, जुन्या घरातले; वाईट माणूस नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. ते हिशेबाला बसल्यासारखे शांत होते. म्हणाले, "अहो ताई, काळी भिंत किती घाण दिसत व्हती. बाईंचा सत्कार हाय, शुभकार्य हाय, त्यात मागं काळं? लोक काय म्हंतील? अपशकुन न्हाई का?" मी म्हणाले, "संक्रांतीला तुमच्या घरातल्या सगळ्या काळ्या साड्या नेसून मिरवतात, तेव्हा शकुन कुठे जातो?" ते हसले. म्हणाले, "तुमचं आपलं काहीतरीच. आमी बाईंचा मोठा फोटो लावनार हाय त्या भिंतीवर. आन् मग टीव्ही. मोठा. डिजिटल कक्ष. नाव बाईंचंच. बाईंनी आता आराम करायचा, आजीव मार्गदर्शक म्हणून पुढं खुर्चीवर बसायचं."

आता वाचकहो, तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? ज्या भिंतीवर बाईंनी कधी स्वतःचं नाव लिहिलं नाही, त्या भिंतीवरून सगळ्यांची नावं पुसून तिथे बाईंचं तोंड लावायचं! सत्कार बाईंचा, आणि बाईंना विचारायचंसुद्धा नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. टीव्ही लावा ना, कोण नको म्हणतं? पण टीव्ही आपलं बोलतो. तो सुरेखाताईंचं ऐकून घेणार आहे का? आणि ऐकलं तरी रात्रपाळीच्या माणसासाठी ते जपून ठेवणार आहे का? बाईंना खुर्चीत बसवून, हार घालून, हळूच बाजूला सारायचं आणि वर त्याला गौरव म्हणायचं. मला या गौरवाची चीड येते. मंडळातल्या ज्या ज्या सभासदांनी या ठरावाला हात वर केला, त्या सगळ्यांची येते. यातले निम्मे लोक त्याच भिंतीसमोर इंग्रजी शिकून सुपरवायझर झाले आहेत.

बाईंना मंडळाने सांगितलं की भिंतीला ओल आली होती, म्हणून रंग दिला. बाई मला म्हणाल्या, "ओल भिंतीला नाही, माझ्या वयाला आलीय, असं त्यांना वाटतंय." हसून म्हणाल्या, पण खडूची पिशवी त्यांनी छातीशी धरलेली होती. मग विचारलं, "सोमवारच्या ओळी कोणाला पाठ आहेत?" आम्ही आठवतील तशा सांगितल्या. सुरेखाताईंची ओळ आली आणि मी त्यांचा प्रश्नही सांगितला. माझं चुकलं होतं का, असं त्या विचारत होत्या म्हणून. बाईंचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला."

पत्ता काय, तर पिंपळे सौदागर. तिथे सोसायट्या काय थोड्या आहेत? बस बदलून आम्ही गेलो. पहिल्याच फाटकावर बाईंनी वॉचमनला सांगितलं, "सुरेखाताईंना भेटायचंय. त्यांच्या सोसायटीत लिफ्टपाशी बोर्ड आहे, कामवाल्यांनी जाऊ नये म्हणून." वॉचमन म्हणाला, "मॅडम, तसा बोर्ड तर सगळ्याच सोसायट्यांत आहे." मग आम्ही पुढच्या फाटकावर गेलो, मग त्याच्या पुढच्या. एका ठिकाणी नाव ओळखलं गेलं. सुरेखाताई वरच्या मजल्यावर कामाला होत्या. वॉचमनने बाईंचं वय आणि पांढरे केस पाहून पुढची लिफ्ट दाखवली. बाई म्हणाल्या, "नको. त्या कुठून जातात?" आणि मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारच्या लिफ्टपाशी जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढे दोन कामवाल्या, मग बाई, मग मी. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या दोन मिनिटंही उभ्या राहत नाहीत.

सुरेखाताईंनी दार उघडलं तेव्हा हात साबणाने भरलेले होते. बाईंना पाहून त्या घाबरल्याच. बाई म्हणाल्या, "तुमचं चुकलेलं नव्हतं. तुमचं बरोबर होतं. पुसणाऱ्यांचं चुकलं. एवढंच सांगायला आले." आतून मालकीणबाईंनी "कोण आहे गं?" विचारलं. "माझ्या बाई आल्यात, शाळंच्या," त्या आत बघून म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे वळून, "मंग परत लिव्हा की."

"लिहू," बाई म्हणाल्या.

आम्ही त्याच मागच्या लिफ्टने खाली आलो. कुठे लिहू, हे बाईंनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पुढच्या सभेत बाईंनी मंडळासमोर एवढंच मागितलं. "शाल द्या, नारळ द्या, टीव्ही सभागृहात लावा, माझा फोटो हवा तर दारावर लावा. भिंत मला काळी करून द्या." कोणीतरी म्हणालं, "कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग बघू." 'मग बघू' म्हणजे काय हे भोसरीत शेंबड्या पोरालाही कळतं. बाई घरी गेल्या. त्या आठवड्यात वर्ग भरला तो सभागृहाच्या पायऱ्यांवर, आणि लिहायला जागा नसल्याने जो तो आपलं सांगून उठला. दुसऱ्या पाळीचे लोक सकाळी आले तेव्हा पहिल्या पाळीने काय सांगितलं ते त्यांना वाचायला कुठेच नव्हतं. तानाजी मला फोनवर म्हणाले, "ताई, आता कोणाशी भांडायचं वो?" असं वाटलं, आमचं बोलणंच कोणी बंद केलंय.

मी हा लेख लिहायला घेतला आणि तानाजींना वाचून दाखवला. त्यांनी तो आणखी कोणाला, त्यांनी आणखी कोणाला. चाकणला एका कंपनीच्या रंगविभागात काम करणारे आमच्या वर्गाचे दोघं म्हणाले, "ब्रश आमच्याकडे आहेत. काळ्या रंगाचा डबाही आणू. सत्काराच्या आदल्या रात्री हात मारून टाकू." मग मी गुलाबरावांना फोन केला. चोरून काही करायचं नाही, हे बाईंनीच शिकवलंय. त्यांना सुरेखाताईंचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. मग ते म्हणाले, "माझी आईबी लोकांच्या घरी भांडी घासायची, ताई." आणि पुढे म्हणाले, "किल्ली खिडकीत ठेवतो. मला काय म्हाईत न्हाई, मी काय बघितलं न्हाई. पर फोटो तेवढा दाराला नीट लावा, वाकडा नको." त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण त्यांनी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातातला मोबाइल खाली ठेवला नाही, हेही लिहिलं पाहिजे.

आदरणीय बाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे राहोत, आवाज असाच उड्डाणपुलाच्या गोंगाटावर मात करणारा राहो, आणि ओलं फडकं त्यांच्याच हाती राहो. आजीव मार्गदर्शकाची खुर्ची त्यांना कधीही न लागो. सत्कारानंतरच्या सोमवारी वर्ग नेहमीच्या वेळी, तिन्ही पाळ्यांचा भरेल. पहिली ओळ सुरेखाताई लिहितील, स्वतःच्या हाताने. त्यांची जाऊ येणार आहे.

हा ग्रंथ सत्काराच्या दिवशी तुमच्या हाती पडेल. मान्यवरांना आणि सर्व उपस्थितांना एकच विनंती. भाषणं झाली की मागच्या खोलीत जरूर डोकावा, पण नवे कपडे सांभाळून, आणि भिंतीला टेकू नका. रंग अजून ओला आहे.